जॉन डन : कफन पांघरलेला कवी

लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये एक संगमरवरी पुतळा आहे. राजे, सेनापती, मुत्सद्दी यांची स्मारके तिथे पुष्कळ आहेत. पण हा पुतळा त्यांच्यात बसत नाही. एका लहानशा अस्थिकलशावर एक कृश मनुष्य उभा आहे. डोक्यापासून पायापर्यंत त्याने प्रेताचे वस्त्र गुंडाळले आहे. डोक्यावर त्या वस्त्राची गाठ बांधली आहे, चेहरा तेवढा उघडा आहे आणि डोळे मिटलेले आहेत. १६६६ साली लंडनला जी प्रचंड आग लागली तिच्यात जुने सेंट पॉल जळून गेले. त्यातली जी फार थोडी स्मारके धडपणे वाचली त्यांत हा पुतळा होता. कलशावर त्या आगीच्या खुणा अजून दिसतात असे पाहून आलेले लोक सांगतात.

हा पुतळा जॉन डन याचा. आपल्यापैकी कित्येकजण पहिल्या वर्षी त्याचे नाव ‘डॉन’ किंवा ‘डोन’ असे वाचतात, आणि प्राध्यापकांनी सुधारून दिले तरी परीक्षेच्या तयारीत पुन्हा तसेच म्हणतात. उच्चार ‘डन’ असाच आहे, आणि हे लक्षात ठेवणे जरुरीचे आहे. कारण या मनुष्याने आयुष्यभर आपल्या नावावर कोट्या केल्या. इंग्रजीत ‘डन’ म्हणजे झाले, संपले. स्वतःच्या संपण्यावर कोटी करणारा कवी प्रेतवस्त्र नेसून उभा राहिला यात नवल ते काय!

पाठ्यपुस्तकात डनची ओळख दोन भागांत करून देण्याची पद्धत आहे. तरुणपणीचा जॅक डन स्त्रियांवर चटोर कविता लिहिणारा. उतारवयातला डॉक्टर डन सेंट पॉलचा मुख्य धर्माधिकारी, गंभीर प्रवचनकार. मध्ये एक रेघ. प्रेम रेघेच्या अलीकडे, मरण आणि श्रद्धा रेघेच्या पलीकडे. उत्तरपत्रिकेला ही विभागणी फार सोयीची आहे, आणि गंमत म्हणजे ती मुळात डननेच करून ठेवली आहे. पण त्याचे चरित्र जरा बारकाईने वाचले की ही रेघ कुठे मारायची तेच कळेनासे होते.

डनचा जन्म १५७२ सालचा, लंडन शहरातला. वडील लोखंडी सामानाचे प्रतिष्ठित व्यापारी होते. डन चार वर्षांचा असताना ते वारले. आई एलिझाबेथ ही नाटककार जॉन हेवुडची मुलगी, आणि आजीच्या बाजूने तिचे नाते थेट सर टॉमस मोरशी पोचत होते. ती त्याच्या बहिणीची नात. राजाला धर्माचा प्रमुख मानण्यास नकार दिला म्हणून १५३५ साली ज्याचे डोके उडवले गेले तोच हा मोर. घराणे कट्टर कॅथलिक होते आणि राज्य प्रॉटेस्टंट. डनचा मामा जॅस्पर हेवुड हा जेझुइट पाद्री. डन अकरा-बारा वर्षांचा असताना तो टॉवरच्या कैदेत होता आणि पुढे हद्दपार झाला. म्हणजे इतर मुलांनी गोष्टी ऐकाव्यात त्या वयात या मुलाने घरात फाशी, कैद आणि हद्दपारी यांच्याच हकिगती ऐकल्या असणार. हुतात्मा होणे हा त्या घरातला जणू कुळाचार होता.

बाराव्या वर्षी त्याला धाकट्या भावाबरोबर, हेन्रीबरोबर, ऑक्सफर्डला हार्ट हॉलमध्ये घातले. इतक्या लवकर घालण्याचे कारण अभ्यासातली हुशारी एवढेच नव्हते. सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याला राणीचे धार्मिक प्रमुखत्व मान्य असल्याची शपथ घ्यावी लागे; त्या वयाच्या आतच शिकून बाहेर पडावे हा कॅथलिक घरांचा हिशेब असे. शपथ नाही म्हणून पदवीही नाही. इंग्रजी साहित्यातल्या विलक्षण बुद्धिमान कवींपैकी एक असा हा मनुष्य विद्यापीठातून पदवीवाचून बाहेर पडला, याचा आपण विद्यार्थ्यांनी वाटेल तो अर्थ घ्यावा.

पुढे दोघे भाऊ लंडनला कायद्याच्या शिक्षणासाठी राहू लागले. १५९३ साली हेन्रीच्या खोलीत विल्यम हॅरिंग्टन नावाचा एक कॅथलिक पाद्री सापडला. पाद्र्याला आसरा देणे हा गुन्हा होता. हेन्रीला न्यूगेटच्या तुरुंगात टाकले. तिथे साथ चालू होती. खटला उभा राहण्याआधीच तो मुलगा तापाने मेला. हॅरिंग्टनला दुसऱ्या वर्षी हालहाल करून मारले. डन तेव्हा एकवीस वर्षांचा होता.

या भावाविषयी डनने कविता लिहिलेली नाही. मला हे पहिल्यांदा कळले तेव्हा चमत्कारिक वाटले. पिसवेवर जो कविता लिहू शकतो — एकाच पिसवेने दोघांना चावून दोघांचे रक्त आपल्या पोटात एकत्र केले, तेव्हा आपले लग्न तिथेच लागले असा वकिली युक्तिवाद प्रेयसीपुढे मांडणारी ती कविता आपल्या अभ्यासक्रमात असते — तो सख्ख्या भावावर एक ओळ लिहीत नाही? पण त्याच सुमारास त्याने दोन्ही पंथांचे ग्रंथ पुढ्यात घेऊन खरा धर्म कोणता याचा शोध घ्यायला सुरुवात केली, आणि हा शोध त्याने वर्षानुवर्षे चालवला. ज्या श्रद्धेसाठी भाऊ गेला ती सोडणे म्हणजे भावाचे मरण फुकट गेले असे म्हणणे; आणि ती धरून ठेवणे म्हणजे आपणही त्याच तुरुंगाची वाट धरणे. हा पेच लक्षात घेतला की त्याच्या प्रेमकवितांतली ती चलाखी, तो सदा वाद घालण्याचा सूर, थोडा वेगळा ऐकू येतो. कुठल्याही विधानावर पूर्ण विश्वास ठेवायचा नाही, प्रत्येक गोष्ट उलटी करून पाहायची, ही सवय त्याला नुसत्या कवितेने लावलेली नव्हती.

१५९६ साली तो एसेक्सच्या आरमाराबरोबर स्पेनमधल्या काडिझच्या स्वारीवर गेला, दुसऱ्या वर्षी अझोर्स बेटांकडच्या मोहिमेवर. तिथून आल्यावर त्याला फार चांगली नोकरी मिळाली. सर टॉमस एगर्टन हा राज्याचा मुद्राधारक, म्हणजे राजमुद्रा सांभाळणारा बडा अधिकारी. त्याच्याकडे डन चिटणीस झाला. देखणा, वाक्चतुर, मोठमोठ्यांत ऊठबस असलेला. आता हा राजदूत होईल, मंत्री होईल असे सर्वांना वाटत होते.

आणि इथे ॲन मोर येते.

ॲन ही एगर्टनच्या दुसऱ्या पत्नीची भाची. सरे परगण्यातल्या लोझली इथल्या सर जॉर्ज मोर या श्रीमंत आणि तापट जमीनदाराची ही मुलगी आत्याकडे राहायला होती. (हे मोर घराणे टॉमस मोरचे नव्हे, नाव तेवढे एक.) आत्या वारल्यावर तिला घरी नेण्यात आले. १६०१ च्या शरद ऋतूत पार्लमेंटच्या निमित्ताने वडील तिला लंडनला घेऊन आले, तेव्हा ती दोघे पुन्हा भेटली. आणि नाताळच्या आधी दोन-तीन आठवडे त्यांनी गुपचूप लग्न केले. डन एकोणतीस वर्षांचा होता, ती सतराच्या आसपास. वडिलांची संमती नाही, धन्याला पत्ता नाही. लग्न लावणारा सॅम्युएल ब्रुक आणि वधूचे दान करणारा ख्रिस्तोफर ब्रुक हे दोघे डनचे मित्र.

पुढचे महिने म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बोलपटाचे कथानक. दोन फेब्रुवारी १६०२ या तारखेचे पत्र लिहून डनने सासऱ्याला बातमी कळवली. स्वतः जाण्याचे धैर्य झाले नाही; पत्र नॉर्थम्बरलंडच्या उमरावाच्या हाती पाठवले. सासऱ्याने आकाशपाताळ एक केले. डनला नोकरीवरून काढायला लावले, त्याला फ्लीटच्या तुरुंगात टाकले आणि दोघा ब्रुक बंधूंनाही तुरुंगाची हवा दाखवली. एप्रिलमध्ये न्यायालयाने लग्न कायदेशीर ठरवले. तोपर्यंत सासऱ्याचाही राग थोडा निवळला होता आणि जावयाला परत कामावर घ्यावे म्हणून तो स्वतः एगर्टनकडे रदबदली करू लागला. पण एगर्टनने नकार दिला. रागावलेल्या माणसांच्या सांगण्यावरून नोकराला काढायचे आणि त्यांच्याच सांगण्यावरून पुन्हा घ्यायचे हे आपल्या पदाला शोभत नाही, असे त्याचे म्हणणे पडले. त्याचेही खोटे नव्हते.

या प्रसंगावर डनने आपले नाव, बायकोचे नाव आणि सर्वनाश यांची तीन शब्दांत कोटी केली अशी एक प्रसिद्ध आख्यायिका आहे. खरी की खोटी कोण जाणे. पण सर्वनाश मात्र खरा होता. पुढली जवळजवळ तेरा-चौदा वर्षे या माणसाला कायमची नोकरी मिळाली नाही.

आधी पिरफर्डला ॲनच्या एका नातलगाच्या आश्रयाने, मग १६०६ पासून मिचम इथल्या एका लहानशा घरात संसार चालला. घर दमट होते, वाचनाच्या खोलीखाली तळघर, तिथून ओल वर येई. दर वर्षा-दीड वर्षाने मूल होत होते. डन लंडनमध्ये खोली घेऊन कामाच्या शोधात मोठमोठ्यांचे उंबरे झिजवी. कधी व्हर्जिनिया कंपनीचे चिटणीसपद मागे, कधी आणखी काही. कुठेच जमले नाही. हेन्री गुडियर या मित्राला तो दर आठवड्याला पत्र लिही. ही पत्रे वाचताना कवी डन बाजूला राहतो आणि एक हैराण बाप दिसू लागतो. मुले आजारी, बायको आजारी, आपण आजारी. एका पत्रात तर त्याने असेही लिहिले आहे की देवाने एखादे मूल नेऊन ओझे हलके करायचे म्हटले, तरी त्याच्या पुरण्याचा खर्च कसा भागवावा हे कळत नाही. हे वाक्य क्रूर वाटते. पण हे ज्याने लिहिले तो बायकोचे बाळंतपण अवघड गेले की रात्रभर तिच्याजवळ बसून राही हेही पत्रांतूनच कळते.

ॲनचे काय? सोळा वर्षांच्या संसारात बारा बाळंतपणे. त्यांतली दोन मुले मृतच जन्मली, काही लहानपणी गेली. तिच्या हातचे एकही पत्र आज उपलब्ध नाही. सूर्याला दटावणाऱ्या, आमची शय्या हेच विश्व असे म्हणणाऱ्या कविता डनने लिहिल्या. त्या तिच्यासाठी लिहिल्या असाव्यात असे आपण समजतो, कारण तसे समजायला आवडते. ती श्रीमंत घरातून निघून मिचमच्या ओलीत येऊन राहिली, त्याविषयी तिला काय वाटत होते हे आपल्याला त्याच्याच शब्दांतून अंदाजाने घ्यावे लागते. इंग्रजी साहित्याचे इतिहासकार तिला एका परिच्छेदात आटपतात. मीही फार वेगळे करू शकत नाही. पण हा परिच्छेद लिहिताना अवघडल्यासारखे होते, एवढे नमूद करतो.

याच मिचमच्या वर्षांत, १६०८ च्या सुमारास, त्याने आत्महत्येवर एक ग्रंथ लिहिला. आत्महत्या प्रत्येक वेळी पापच असते असे नाही, असे प्रतिपादन करणारा तो विद्वत्तापूर्ण आणि विचित्र ग्रंथ त्याने छापला नाही. पुढे १६१९ मध्ये परदेशी जाताना त्याने हस्तलिखित एका मित्राकडे सोपवले आणि बजावले की हे छापूही नये आणि जाळूही नये. आणि लक्षात ठेवावे की हे जॅक डनचे पुस्तक आहे, डॉक्टर डनचे नव्हे. आपल्या पाठ्यपुस्तकातली ती रेघ इथून आली. पण जरा हिशेब करा. हे पुस्तक लिहिणारा तथाकथित जॅक डन छत्तीस वर्षांचा होता, संसारात बुडालेला, मुलाबाळांचा बाप. आणि ज्या ‘होली सॉनेट्स’ आपण डॉक्टर डनच्या खात्यावर टाकतो, ज्यांत मृत्यूला तू कसला बढाईखोर असे तोंडावर सुनावणारे ते सुप्रसिद्ध सुनीत आहे, त्यांतली बहुतेक अभ्यासकांच्या मते याच हलाखीच्या काळातली, म्हणजे तो धर्मगुरू होण्याच्या पुष्कळ आधीची. प्रेम, आत्महत्येचा विचार आणि देवाशी झटापट हे सगळे एकाच दमट खोलीत, एकाच टेबलावर चालले होते.

श्रद्धेचा प्रश्न त्याने या काळात कसा सोडवला? १६१० मध्ये त्याने एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात इंग्लंडमधल्या कॅथलिकांनी राजनिष्ठेची शपथ घेण्यास हरकत नाही, आणि ती न घेता मरण पत्करणारे हे खरे हुतात्मे नव्हेत असे मांडले. राजा जेम्स खूश झाला. डनच्या टीकाकारांना हे पुस्तक फार खुपते. भाऊ ज्या श्रद्धेसाठी तुरुंगात मेला तिच्यावरच पाय देऊन हा वर चढू पाहतो, असा आरोप होतो. आरोप सरसकट फेटाळण्यासारखा नाही, कारण त्याला नोकरी हवी होती हे उघड आहे. पण याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत तो आपल्या घराण्याने जुन्या श्रद्धेपायी किती सोसले याची आठवण लपवीत नाही, उलट पुढे करतो. शिवाय १६०७ साली टॉमस मॉर्टन या धर्माधिकाऱ्याने त्याला पाद्री होण्याचे सुचवून उत्पन्नाची जागा देऊ केली होती, तीही ऐन अडचणीत, तेव्हा त्याने ती नाकारली होती. केवळ पोटासाठी धर्म बदलणारा माणूस आठ वर्षे असा अडून बसत नाही, असे मला वाटते.

१६११ मध्ये सर रॉबर्ट ड्रुरी या आश्रयदात्याबरोबर त्याला युरोपात जावे लागले. ॲन गरोदर होती. तिचे मन जाऊ देण्यास तयार नव्हते. त्याचा पहिला चरित्रकार आयझाक वॉल्टन सांगतो की निरोपाची ती प्रसिद्ध कविता या वेळची. कंपासपेटी उघडल्यावर आजही आपल्याला ही कविता आठवावी. एक पाय मध्यबिंदूवर रोवलेला, दुसरा फिरणारा. फिरणारा लांब गेला की रोवलेला त्याच्याकडे झुकतो आणि तो घरी परतला की ताठ होतो. दोन जिवांच्या प्रेमाला गणिताच्या डब्यातली वस्तू उपमा म्हणून आणणे, यालाच पुढे लोक ‘मेटाफिजिकल’ म्हणू लागले. हा शब्द आधी ड्रायडनने, १६९३ साली, आणि मग डॉक्टर जॉन्सनने रूढ केला, तोही कौतुकाने नव्हे. डनला बिचाऱ्याला आपण मेटाफिजिकल आहोत याची कल्पना नव्हती.

त्या प्रवासात पॅरिसला असताना त्याला खोलीत ॲन दिसली, केस मोकळे सोडलेली, हातात मेलेले मूल, अशी एक हकीगत वॉल्टनने दिली आहे. हकीगतीवर कितपत विश्वास ठेवायचा हे ज्याने त्याने ठरवावे. वॉल्टनला गोष्ट रंगवून सांगण्याची हौस होती. जानेवारी १६१२ मध्ये ॲनला खरोखरच मृत मूल झाले, एवढे निश्चित.

शेवटी राजाने एकच दार उघडे ठेवले. चर्चमध्ये जायचे असेल तर पाहिजे ते देईन. दुसरे काही मिळणार नाही. २३ जानेवारी १६१५ रोजी डन धर्मगुरू झाला. केंब्रिजने राजाच्या आज्ञेवरून, नाखुशीनेच, त्याला डॉक्टरची पदवी दिली. लिंकन्स इनमध्ये, जिथे तो तरुणपणी कायदा शिकला होता, तिथेच प्रवचनकार म्हणून नेमणूक झाली. चांगले दिवस आले.

आणि १५ ऑगस्ट १६१७ रोजी ॲन वारली. बाराव्या बाळंतपणानंतर पाच दिवसांनी, तापाने. ते मूलही मृतच जन्मले होते. ती तेहतीस वर्षांची होती. मागे सात मुले राहिली. तिला सेंट क्लेमेंट डेन्स या चर्चमध्ये पुरले. थडग्यासाठी लॅटिनमध्ये मजकूर डननेच लिहिला. वॉल्टन म्हणतो की त्यानंतर डन पहिल्यांदा घराबाहेर पडला तो त्याच चर्चमध्ये प्रवचन करायला, आणि त्यासाठी त्याने बायबलातल्या विलापगीताचे वचन घेतले होते.

या मृत्यूनंतर त्याने एक सुनीत लिहिले. चौदा ओळींचे. प्रेम, मरण आणि श्रद्धा या तिन्ही गोष्टी त्यात एका जागी बांधल्या आहेत, आणि माझ्या मते डन समजून घ्यायचा तर त्याच्या इतर दहा कविता बाजूला ठेवून ही एक वाचावी.

सुरुवात होते ती देण्याघेण्याच्या भाषेत. मी जिच्यावर प्रेम केले तिने निसर्गाचे शेवटचे देणे फेडून टाकले, अशा अर्थाने. मरण म्हणजे देणे फेडणे ही कल्पना नवीन नाही. पण ज्या घरात पंधरा वर्षे देण्याचे ओझे होते तिथे ही उपमा नुसती उपमा राहत नाही. दुसऱ्या ओळीचा अर्थ अजून वादाचा आहे. तिचे भले झाले की तिचे भले करण्याची आपली शक्ती संपली? दोन्ही वाचता येते. मग तो म्हणतो की तिचा आत्मा लवकर स्वर्गात नेला गेला, तेव्हा आता माझे मन सगळे वरच्या गोष्टींत लागले आहे. इथवर कोणताही धर्मगुरू लिहील. पण पुढे तो कबूल करतो की तिच्यावर प्रेम करता करताच मला देवाचा शोध घ्यावासा वाटला, जसा वाहता प्रवाह माणसाला उगमाकडे नेतो. म्हणजे जॅक डन संपला आणि डॉक्टर डन सुरू झाला असे नव्हे. बायकोवरचे प्रेम हीच वाट होती. उगम सापडला, तहान भागवली गेली, आता समाधान मानायला हवे.

आणि इथेच कविता पलटते. तहान भागूनही भागत नाही. ती तहान जलोदराच्या रोग्याची आहे, असे तो म्हणतो. ज्याच्या अंगात पाणी भरले आहे आणि तरी घसा कोरडा आहे. हा रोग पवित्र आहे हे तो सांगतो, पण रोगच आहे हेही लपवीत नाही. त्यानंतर आणखी प्रेम कशासाठी मागू, असा तो स्वतःला प्रश्न करतो. आणि या ‘आणखी’ला मूळ इंग्रजी शब्द आहे तो ‘मोर’ — म्हणजे ॲनचे माहेरचे नाव. बायको वारलेली, कवी देवासमोर उभा, आणि त्याच्या तोंडून आणखी या अर्थाने तिचेच नाव निघते. ही कोटी त्याने मुद्दाम केली की नाही यावर अभ्यासक भांडतात. मला वाटते, जो माणूस स्वतःच्या नावावर मरेपर्यंत कोट्या करत राहिला त्याला ही ऐकू आली नसेल हे संभवत नाही.

शेवटच्या ओळींत देवच प्रियकर होतो. तिच्या जागी आपले सर्वस्व देऊ करून तो कवीच्या आत्म्याला मागणी घालतो. आणि हा प्रियकर संशयीही आहे. आपले प्रेम हा संत आणि देवदूतांवर तर उधळणार नाही ना, किंवा संसार, देह आणि सैतान मिळून आपल्याला याच्या मनातून हुसकावणार तर नाहीत ना, अशी कोवळी असूया त्याला वाटते. आपल्या विराण्यांत भक्त विरहिणी असतो आणि देवाची वाट पाहतो. इथे देवालाच धाकधूक आहे. कविता तिथेच थांबते. सांत्वन नाही, उपदेश नाही. देवाने बायको नेली ती आपल्याला पूर्णपणे मिळवण्यासाठी, असे हा माणूस म्हणतो आहे. आणि ते म्हणताना देवाची स्तुती करतो की तक्रार, हे चौदा ओळी पुनःपुन्हा वाचूनही मला ठरवता आलेले नाही. वर्गात यावर एकदा चर्चा झाली तेव्हा आम्ही तास संपल्याची घंटा झाली तरी वाद घालत होतो. कुणी म्हणाले ही श्रद्धा, कुणी म्हणाले हा राग. डन असता तर त्याला दोन्ही पक्षांचे वकीलपत्र घेता आले असते.

१६२१ मध्ये तो सेंट पॉलचा डीन झाला. त्याच्या प्रवचनांना लोक गर्दी करत; आज त्यांतली एकशे साठ उपलब्ध आहेत. त्याने पुन्हा लग्न केले नाही. १६२३ च्या हिवाळ्यात तो तापाने मरणाच्या दारात जाऊन आला. अंथरुणावर पडल्या पडल्या शेजारच्या चर्चची मृत्यूघंटा त्याला ऐकू येई. त्या आजारातून उठताच त्याने तेवीस प्रकरणांचे एक गद्य पुस्तक लिहिले आणि १६२४ मध्ये छापले. घंटा कोणासाठी वाजते हे विचारायला माणूस पाठवू नये, कारण प्रत्येक मरण हे आपलेही थोडे मरण असते, हा त्यातला विचार. हेमिंग्वेने १९४० सालच्या आपल्या कादंबरीचे नाव तिथून घेतले; आपल्याकडे कादंबरी वाचलेले पुष्कळ आणि मूळ पुस्तक उघडलेले थोडे. या सुमाराचे एक प्रार्थनागीतही आहे. त्यात देवाने एक पाप क्षमा केले तरी अजून काम झालेले नाही, माझ्यापाशी आणखी पापे आहेत, असे पालुपद आहे. म्हणजे ‘डन’ आणि ‘मोर’ पुन्हा एकत्र. हे गीत सेंट पॉलचे गायक चालीवर म्हणत आणि डीनसाहेब ते बसून ऐकत, असे वॉल्टन सांगतो.

जानेवारी १६२७ मध्ये त्याची मुलगी ल्यूसी गेली. जानेवारी १६३१ मध्ये आई गेली. ही म्हातारी शेवटपर्यंत कॅथलिक राहिली आणि शेवटची वर्षे मुलाच्या घरी, म्हणजे एका प्रॉटेस्टंट डीनच्या अधिकृत निवासात, राहिली. मायलेकरांत धर्मावर काय बोलणे होत असेल? हेन्रीचे नाव निघत असेल का? याची नोंद कुठेही नाही.

२५ फेब्रुवारी १६३१ रोजी त्याने राजा चार्ल्सपुढे शेवटचे प्रवचन केले, विषय मरण. चेहरा इतका ओढलेला होता की हा आपल्याच अंत्यविधीचे प्रवचन करतो आहे असे ऐकणाऱ्यांना वाटले. त्यानंतर वॉल्टनच्या सांगण्याप्रमाणे त्याने अभ्यासिकेत कोळशाच्या शेगड्या पेटवायला लावल्या, अंगावरचे कपडे उतरवले, कफन गुंडाळून घेतले आणि लाकडी कलशावर उभा राहून चित्रकाराकडून आपले पूर्णाकृती चित्र काढवून घेतले. ते चित्र मरेपर्यंत त्याच्या बिछान्याशेजारी होते. ३१ मार्च १६३१ रोजी तो वारला. सेंट पॉलमधला पुतळा निकोलस स्टोन याने पुढे त्या प्रकारचा घडवला.

त्याच्या बहुतेक कविता हयातीत छापल्याच नव्हत्या. मित्रमंडळींत हस्तलिखिते फिरत. पहिला संग्रह निघाला तो १६३३ मध्ये. मग शेदोनशे वर्षे त्याला फारसे कोणी विचारले नाही. ग्रिअर्सनने १९१२ मध्ये साक्षेपी आवृत्ती काढली, १९२१ मध्ये एलियटने या कवींवर निबंध लिहिला, आणि डन एकाएकी आधुनिक झाला. आपले मर्ढेकर ज्या वाटेने यंत्रयुगातल्या ओबडधोबड प्रतिमा आणि देवाची आर्त याचना एकाच कवितेत आणू शकले, ती वाट चाचपत मागे गेले तर एलियटमार्फत थोडीशी या डनपर्यंतही पोचते.

ॲनवरचे ते सुनीत मात्र १६३३ च्या संग्रहात नव्हते. रोलंड वुडवर्ड नावाच्या एका जुन्या मित्राने उतरून घेतलेल्या वहीत तेवढे ते राहिले, आणि एकोणिसावे शतक संपत आले तेव्हा प्रथम छापले गेले. ती ज्या चर्चमध्ये पुरली आहे ते सेंट पॉलपासून जेमतेम मैलभर अंतरावर. तिचे थडगे पुढे नाहीसे झाले. त्यावर कोरायला म्हणून डनने स्वतःच्या हाताने लिहिलेला लॅटिन मजकुराचा कागद तेवढा शिल्लक आहे. तो सापडला सासऱ्याच्या, लोझलीच्या, दप्तरात.